राष्ट्रांनी माफी मागावी काय?

(संस्थेच्या वार्षिक संमेलनातील भाषण)





आज सकाळी येथे वक्तृत्व स्पर्धा झाली. 'राष्ट्रांनी भूतकाळातील अन्यायाबद्दल माफी मागावी काय?' हा विषय होता. परीक्षक म्हणून मी सर्व भाषणे लक्षपूर्वक ऐकली. एका विद्यार्थ्याने विचारले, "आजोबांनी गुन्हा केला, तर नातवाने हात का जोडायचे?" त्याला टाळ्या पडल्या. त्याच्यानंतर आलेल्या मुलीने विचारले, "ज्याच्या घरची माणसे मारली गेली, त्याला झाले गेले विसरून जा, असे तुम्ही कोणत्या तोंडाने सांगणार?" तिलाही तितक्याच टाळ्या पडल्या. दोन्ही बाजूंना सारख्या टाळ्या पडल्या, तेव्हा प्रश्न सोपा नाही हे उघड आहे. परीक्षकाला गुण देऊन मोकळे होता येते. पण मुलांनी एवढ्या मेहनतीने बाजू मांडल्यावर वडीलधाऱ्यांनीही आपले मत सांगितले पाहिजे, असे मला वाटते. म्हणून अध्यक्षांच्या परवानगीने याच विषयावर मी चार शब्द बोलणार आहे.

प्रथम त्या विद्यार्थ्याचे म्हणणे घेऊ. त्याचा प्रश्न रास्त आहे. ज्याने जे केले त्याचा जाब त्यालाच द्यावा लागेल, एकाच्या गुनाहाचे ओझे दुसऱ्याच्या पाठीवर टाकले जाणार नाही, अशीच आपल्या दीनची शिकवण आहे. दुनियेतील कायदाही हेच म्हणतो. बापाने चोरी केली म्हणून मुलाला तुरुंगात टाकता येत नाही. मग १०० वर्षांपूर्वीच्या गोळीबाराबद्दल आजच्या पंतप्रधानाने मान का झुकवावी?

पण आपल्याच घरांतली दुसरी एक रीत आठवून पाहा. घरात मय्यत होते. जनाजा तयार असतो. तेव्हा मुलगा किंवा भाऊ जमलेल्या मंडळींसमोर उभा राहून म्हणतो, "मरहूमांकडे कोणाचे काही येणे असेल तर सांगावे, ते आम्ही देऊ." ही रीत तुम्ही सर्वांनी पाहिली आहे. मीरास वाटण्याचा क्रमही तुम्हाला ठाऊक आहे. आधी कफन-दफनाचा खर्च, मग कर्जाची फेड, मग वसियत, आणि त्यानंतर उरेल त्यातून वारसांचे हिस्से. बापाचे पाप मुलाकडे येत नाही हे खरेच. परंतु बापाची जमीन घ्यायची असेल, तर त्या जमिनीवरचे कर्ज आधी फेडावे लागते. जमीन माझी आणि कर्ज मयताचे, असे म्हणणाऱ्या वारसाला कोणी प्रामाणिक म्हणणार नाही.

राष्ट्राचेही असेच आहे, असे माझे म्हणणे आहे. माणसे मरतात, सरकारे बदलतात, पण राज्य चालू राहते. त्याचा खजिना, त्याचे करार, त्याच्या इमारती, त्याची इभ्रत हे सर्व पुढच्या पिढीला मिळते. कोणत्याही शिक्षणसंस्थेचे उदाहरण घ्या. इमारतीसाठी जुन्या मंडळाने कर्ज काढले आणि नवे मंडळ निवडून आले, तर नव्या मंडळाला 'सही आमची नाही' असे बँकेला सांगता येते काय?

याचा एक दाखला इतिहासातच आहे. ब्रिटनने १८३३ साली आपल्या वसाहतींतील गुलामगिरी बंद करण्याचा कायदा केला. त्या वेळी २ कोटी पौंडांची नुकसानभरपाई मंजूर झाली. ती कोणाला मिळाली? गुलामांच्या मालकांना! ज्यांची आयुष्ये उसाच्या मळ्यांत पिळून निघाली, त्या गुलामांना एक पैसाही मिळाला नाही. या भरपाईसाठी ब्रिटिश सरकारने १८३५ साली कर्ज काढले, आणि त्या कर्जाचा शेवटचा भाग फिटला तो २०१५ साली. म्हणजे १८० वर्षांपूर्वीचे, सावकाराचे देणे आजच्या इंग्रज करदात्याने निमूटपणे दिले. सावकाराचे देणे पिढ्यान्पिढ्या टिकते आणि गुलामाचे मात्र त्याच्याबरोबर कबरीत जाते, हा कोणता न्याय? एक मान्य असेल तर दुसरेही मान्य केले पाहिजे.

आता दुसरा प्रश्न. माफी मागायची म्हणजे काय करायचे? येथेही मला मदरशात शिकलेला जुना धडा उपयोगी पडतो. उलेमांनी तौबेच्या शर्ती सांगितल्या आहेत. चूक सोडून द्यावी. मनापासून पस्तावा व्हावा. पुन्हा तसे न करण्याचा निश्चय करावा. आणि त्या चुकीत दुसऱ्या माणसाचा हक्क बुडाला असेल, तर तो त्याला परत करावा किंवा त्याच्याकडून माफ करून घ्यावा. अल्लाहचा हक्क अल्लाह माफ करील. पण हुकूकुल इबाद, म्हणजे बंद्यांचे हक्क, त्या बंद्याकडे गेल्यावाचून फिटत नाहीत. राष्ट्रांच्या माफीला हाच गज लावून पाहू या.

पहिले उदाहरण अमेरिकेचे. दुसऱ्या महायुद्धात जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. त्यानंतर १९ फेब्रुवारी १९४२ रोजी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी एक हुकूम काढला. पश्चिम किनाऱ्यावरील जपानी वंशाच्या लोकांना घरादारातून उठवून काटेरी तारांच्या छावण्यांत ठेवण्यात आले. अशी माणसे सुमारे १ लाख २० हजार होती, आणि त्यांतील जवळजवळ दोनतृतीयांश अमेरिकेचेच नागरिक होते. कोणावर खटला नाही, पुरावा नाही. चेहरा शत्रूसारखा दिसतो, एवढाच अपराध! विद्यार्थी मित्रांनो, हे वाक्य जरा लक्षात ठेवा.

पुढे या लोकांच्या मुलानातवंडांनी चिकाटीने मागणी लावून धरली. १९८० साली चौकशी आयोग नेमला गेला. या कृत्यामागे वंशद्वेष, युद्धाचा उन्माद आणि राजकीय नेतृत्वाचे अपयश होते, असा निष्कर्ष आयोगाने काढला. १० ऑगस्ट १९८८ रोजी कायदा झाला. त्यात राष्ट्राच्या वतीने माफी होती आणि हयात असलेल्या प्रत्येक पीडिताला २० हजार डॉलर्स देण्याची तरतूद होती. ऑक्टोबर १९९० मध्ये वॉशिंग्टनला पहिले धनादेश देण्यात आले, तेव्हा सर्वांत वयोवृद्ध गृहस्थांचे वय १०७ वर्षे होते. त्यांना २० हजार डॉलर्सचा काय उपयोग होणार होता? पण तुम्ही गुन्हेगार नव्हता, चूक आमची होती, हे त्यांच्या देशाने त्यांना तोंडावर सांगितले. मात्र ते ऐकायला कितीतरी जण जिवंत राहिले नव्हते, हेही विसरता कामा नये.

दुसरे उदाहरण आपल्या माणसांचे आहे. १९१४ साली 'कोमागाटा मारू' नावाची जपानी बोट बाबा गुरदित सिंग यांनी भाड्याने घेतली आणि ३७६ हिंदी उतारू घेऊन ती कॅनडाच्या व्हँकूव्हर बंदराला लागली. त्यांत बहुसंख्य शीख होते, शिवाय काही मुसलमान आणि हिंदू होते. हिंदी लोकांना दूर ठेवण्यासाठी कॅनडाने असा नियम केला होता की, मायदेशातून थेट, वाटेत कोठे न थांबता आलेल्यालाच उतरू द्यायचे. तसा थेट प्रवास त्या काळी जवळजवळ अशक्यच होता. बोट दोन महिने बंदरात अडकून पडली. शेवटी थोड्या लोकांना उतरू देऊन बाकीच्यांना परत पाठवले. २९ सप्टेंबर १९१४ रोजी ती कलकत्त्याजवळ बजबज येथे आली, तेव्हा ब्रिटिश सरकारच्या गोळीबारात त्यांतील सुमारे २० जण मारले गेले.

कॅनडाचे पंतप्रधान स्टीफन हार्पर यांनी ऑगस्ट २००८ मध्ये एका मेळाव्यात, बागेतल्या व्यासपीठावरून, याबद्दल माफी मागितली. शीख संघटनांनी ती नाकारली. का नाकारली? ज्या देशाच्या कायद्याने हे घडले, त्या देशाच्या संसदेत माफी नोंदली गेली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. लोकांना ते हट्टाचे वाटले असेल. मला ते योग्य वाटते. चारचौघांत अपमान करून नंतर एकट्याला गाठून माफी मागणाऱ्या माणसाला आपण काय म्हणतो? अखेर १८ मे २०१६ रोजी पंतप्रधान जस्टिन ट्रूडो यांनी कॅनडाच्या संसदेत उभे राहून सरकारच्या वतीने माफी मागितली. १०२ वर्षे लागली, पण ती कायमची नोंदली गेली.

तिसरे उदाहरण अर्धवट माफीचे आहे. १३ एप्रिल १९१९ रोजी अमृतसरच्या जालियनवाला बागेत जनरल डायरने नि:शस्त्र जमावावर गोळीबार केला. गोळ्यांच्या १,६५० फैरी झाडल्या गेल्या. सरकारी आकड्याप्रमाणे ३७९ माणसे मेली. काँग्रेसच्या चौकशीत हा आकडा सुमारे १,००० सांगितला गेला. शहरात असंतोष होता तो रौलट कायद्याबद्दल आणि डॉ. सैफुद्दीन किचलू व डॉ. सत्यपाल या दोन पुढाऱ्यांच्या अटकेबद्दल. एक मुसलमान, एक हिंदू. बागेत सांडलेले रक्तही हिंदू, शीख आणि मुसलमान असे सर्वांचे होते.

१९९७ साली राणी एलिझाबेथ यांनी तेथे पुष्पचक्र वाहिले. २०१३ साली पंतप्रधान कॅमेरॉन यांनी ही लाजिरवाणी घटना असल्याचे भेटवहीत लिहिले. शताब्दीच्या तीन दिवस आधी, १० एप्रिल २०१९ रोजी, पंतप्रधान थेरेसा मे यांनी संसदेत तीव्र खेद व्यक्त केला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये इंग्लंडच्या चर्चचे आर्चबिशप वेल्बी यांनी तर स्मारकासमोर जमिनीवर पालथे पडून क्षमा मागितली. पण सरकारच्या वतीने बोलण्याचा आपल्याला अधिकार नाही, हेही त्यांनी सांगितले. म्हणजे ज्याला अधिकार नव्हता त्याने माफी मागितली, आणि ज्यांना अधिकार होता ते खेदावर थांबले.

खेद आणि माफी यांत फरक तो काय, असे कोणी विचारील. पाऊस पडला नाही तरी आपल्याला खेद होतो. खेदात 'हे मी केले' असे म्हणावे लागत नाही. माफीत ते म्हणावे लागते, आणि समोरच्याला 'नाही' म्हणण्याचा हक्क द्यावा लागतो. म्हणूनच ती राज्यकर्त्यांना जड जाते. एकदा माफी मागितली की भरपाईचे दावे येतील, ही भीतीही त्यामागे असते.

आणि ज्याने स्वत: काहीच केले नाही तो काय करू शकतो, हे पाहायचे असेल तर ७ डिसेंबर १९७० हा दिवस पाहा. पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर विली ब्रांट पोलंडच्या भेटीवर गेले होते. वॉर्सा शहरात यहुदी लोकांच्या स्मारकाला पुष्पचक्र वाहिल्यावर ते एकाएकी गुडघे टेकून खाली बसले, एक शब्दही न बोलता. हे ब्रांट कोण? हिटलरचे विरोधक. १९३३ साली जीव वाचवण्यासाठी त्यांना देश सोडून नॉर्वेला जावे लागले होते. नाझींच्या पापाचा कणभरही वाटा त्यांच्याकडे नव्हता. पण ते ज्या राष्ट्राच्या वतीने तेथे गेले होते, त्याचे देणे त्यांनी आपले मानले. त्याआधी १९५२ सालच्या करारानुसार त्या राष्ट्राने इस्राएलला ३ अब्ज मार्क भरपाई देण्याचे मान्य केलेच होते. सकाळच्या त्या विद्यार्थ्याला माझे उत्तर हेच आहे. नातवाने हात जोडले म्हणून तो गुन्हेगार ठरत नाही. तो प्रामाणिक वारस ठरतो.

आता तुमच्यापैकी पुष्कळांच्या मनात जो प्रश्न घोळत असेल, तो मीच विचारतो. "शेकडो वर्षांपूर्वीच्या सुलतान-बादशहांनी जे केले, त्याचा जाब आज आम्हाला विचारला जातो. मग आम्हीही माफी मागायची काय?"

वारसाहक्काचाच नियम येथेही लावू. ती राज्ये संपली, ते खजिने संपले. आपले बहुतेकांचे वाडवडील शेत कसणारे, दर्यावर जाणारे, माग चालवणारे, छोटे दुकान मांडून बसणारे. बादशहाच्या मिराशीतली एक कवडीही आपल्याला मिळाली नाही. जमात म्हणजे राज्य नव्हे, आणि केवळ नाव सारखे म्हणून कोणी कोणाचा वारस होत नाही. चेहरा पाहून १ लाख २० हजार माणसांना छावणीत टाकणाऱ्यांनी हीच चूक केली होती. तेव्हा हे देणे आपले नाही, असे आपण शांतपणे पण ठामपणे सांगू शकतो.

मात्र त्याची दुसरी बाजूही पाळली पाहिजे. इतिहासात जो जुलूम खरोखर झाला असेल, तो झाला असे म्हणायला आपली जीभ अडखळता कामा नये. आणि बादशहांच्या फत्ते सांगताना 'आमचे पूर्वज' म्हणायचे, अन् त्यांच्या जुलमाची गोष्ट निघाली की 'आमचा काय संबंध' म्हणायचे, हे दुहेरी माप चालणार नाही. नाते लावायचे तर कर्जासकट लावा. नाही तर पराक्रमही सोडून द्या.

न्यायाची खरी परीक्षा आपल्या माणसांच्या बाबतीत होते. म्हणून १९७१ चे उदाहरण मी टाळणार नाही. त्या वर्षी मार्चमध्ये पाकिस्तानी लष्कराने पूर्व पाकिस्तानात कारवाई सुरू केली. ढाका विद्यापीठातील विद्यार्थी आणि प्राध्यापक मारले गेले. बंगाली हिंदू आणि बंगाली मुसलमान दोघांवरही अनन्वित अत्याचार झाले. सुमारे १ कोटी माणसे जीव घेऊन भारतात आली. कलमा पढणाऱ्यांनीच कलमा पढणाऱ्यांना मारले. एप्रिल १९७४ च्या दिल्ली करारात पाकिस्तानने निषेध आणि खेद नोंदवला, तोही 'गुन्हे घडले असतील तर' अशा भाषेत. २००२ साली जनरल मुशर्रफ यांनी ढाक्याजवळच्या स्मारकाला भेट देऊन खेद व्यक्त केला. पण बांगलादेशाने औपचारिक माफीची मागणी सोडलेली नाही. २०२५ च्या चर्चेतही ती निघाली. येथे राज्य तेच आहे, लष्कर तेच आहे. वारसाने देणे नाकारण्याला सबब उरत नाही. जालियनवाल्याबद्दल इंग्रजांकडे माफी मागताना आपला आवाज चढतो. ढाक्याची गोष्ट निघाल्यावर तो खाली येत असेल, तर आपल्याला न्याय हवा नसून केवळ आपली बाजू हवी आहे, असे म्हणावे लागेल.

आपल्या देशातही एक उदाहरण आहे. १९८४ च्या शीखविरोधी हत्याकांडाबद्दल पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी ऑगस्ट २००५ मध्ये राज्यसभेत शीख समाजाची आणि साऱ्या राष्ट्राची माफी मागितली. ते चांगलेच झाले. पण या हत्याकांडातील एका खटल्यात एका माजी खासदाराला जन्मठेप झाली ती डिसेंबर २०१८ मध्ये, म्हणजे ३४ वर्षांनी. बुडालेला हक्क परत करण्याची शर्त राहून गेली, तर पीडितांच्या घरी ती माफी अर्धीच पोहोचते.

थोडक्यात माझे उत्तर असे. होय, राष्ट्रांनी माफी मागावी. जेथे राज्य तेच आहे आणि जखम अजून ओली आहे, तेथे मागावी. आपल्या सर्वोच्च सभागृहात मागावी. 'जर' आणि 'तर' न घालता मागावी. जे परत करता येईल ते परत करावे, आणि पाठ्यपुस्तकात ती गोष्ट लिहावी, म्हणजे पुढच्या पिढीकडून तीच चूक होणार नाही. आणि हे सर्व पीडित माणसे हयात आहेत तोवर करावे.

आता शेवटचे. राष्ट्राची सवय घरातून आणि जमातीतून तयार होते. म्हणून आपलेही एक देणे आहे, ते येथे कबूल करतो.

माझी थोरली बहीण, जिला आम्ही आपा म्हणायचो, वर्गात पहिली यायची. चौथी झाल्यावर तिला घरी बसवले. मुलीने इतके शिकून करायचे काय, असे वडील म्हणाले आणि मोहल्ल्याने मान डोलावली. पुढे माझ्या फीसाठी तिच्या कानातले मोडले गेले. मी शिकलो, नोकरीला लागलो, आज तुमच्यासमोर बोलतो आहे. वडील वाईट नव्हते. त्या काळची रीतच तशी होती, असे मी बरीच वर्षे स्वत:ला समजावीत आलो. पण त्या रीतीचा फायदा मला मिळाला, म्हणजे वारस मीच. आपाची माफी मागायची असे मी अनेकदा ठरवले आणि संकोचाने राहून गेले. ती गेली तेव्हा जनाज्याजवळ तिचा मुलगा उभा राहून म्हणाला, "अम्मीकडे कोणाचे काही येणे असेल तर सांगा." मी मागे मान खाली घालून उभा होतो. तिच्याकडे कोणाचे काही येणे नव्हते. येणे तिचेच होते, माझ्याकडे.

अशा आपा या सभागृहातील प्रत्येक घरात आहेत. काही समोरच्या रांगांमध्ये बसल्या आहेत. आपली जमात त्यांची देणेकरी आहे. ते देणे कसे फेडायचे हे संस्थेने आणि पालकांनी मिळून ठरवावे. माझी एवढीच विनंती आहे की, मुलीचे शिक्षण पैशासाठी अडले, तर आधी मुलाच्या खर्चाकडे पाहा; आणि आज घरी गेल्यावर, जिची शाळा तुमच्यासाठी सुटली ती हयात असेल, तर तिच्याजवळ बसून एवढे म्हणा की, तुझा हक्क बुडाला, तो आमच्यामुळे.

हे ज्यांना घरात म्हणता येईल, ते उद्या देशाच्या वतीने उभे राहतील तेव्हा त्यांना ते म्हणणे जड जाणार नाही.